वेस्ट इंडीज बेटांतील रविवारचें पक्वान्न : मॅकरोनी पाय

एखाद्या देशाचें खरें अन्न कोणतें हें ठरवावयाचें झाल्यास त्या देशाच्या शेतांत काय पिकतें एवढेंच पाहून भागत नाहीं. सुटीच्या दिवशीं दुपारीं तेथील गृहिणी चुलीवरून काय उतरविते आणि मुलें कशाची वाट पाहत बसतात, हेंहि पाहावें लागतें. वेस्ट इंडीज बेटांत गव्हाची शेती नाहीं. दुभत्या गाईंचीं विस्तीर्ण कुरणें तेथें नाहींत, आणि त्या उष्ण व दमट हवेंत चीज महिनेच्या महिने मुरवीत ठेवावें अशी थंड तळघरेंहि नाहींत. असें असतां गव्हाच्या पोकळ नळ्या, चीज व डब्यांतील आटीव दूध या तीन परक्या वस्तूंनीं सिद्ध होणारा एक पदार्थ तेथें घरोघर रविवारच्या जेवणाचा मानकरी होऊन बसला आहे. त्याचें नांव मॅकरोनी पाय. त्रिनिदाद, टोबॅगो, बार्बेडोस, ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट हीं नांवें क्रिकेटच्या योगानें आपल्याकडील शाळकरी मुलांसहि तोंडपाठ असतात. परंतु तेथील माणसें जेवतात काय, याची विचारपूस आपण क्वचितच करतों. ती प्रस्तुत लेखांत करावयाची आहे, आणि विचारपुशीबरोबर पाककृतीहि द्यावयाची आहे.

‘पाय’ हा शब्द इंग्रजी. आपल्या पायाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. मैद्याच्या पारींत सारण भरून भाजलेला पदार्थ असा त्याचा सामान्य अर्थ. मॅकरोनी पायला मात्र पारी नसते. उकडलेल्या नळ्या, किसलेलें चीज, बिनसाखरेचें आटीव दूध व फेटलेलीं अंडीं एकत्र कालवून तें मिश्रण पसरट भांड्यांत थापावयाचें, वर आणखी चीज पसरावयाचें आणि भट्टींत भाजावयाचें, एवढाच त्याचा विधि. भाजून निघालेला पदार्थ निवत आला म्हणजे सुरीनें त्याच्या चौकोनी वड्या पाडतां आल्या पाहिजेत, आणि ताटांत ठेवल्यावर प्रत्येक वडी आपल्या कडा संभाळून उभी राहिली पाहिजे. ही त्या बेटांतील पाकाची मुख्य कसोटी होय. अमेरिकेंत याच जातीचा जो पदार्थ होतो तो पुष्कळदां पळीनें वाढावा लागतो इतका सैल असतो. तो त्रिनिदादच्या एखाद्या आजीबाईपुढें ठेवल्यास ‘हा अजून भाजावयाचा आहे ना?’ असें ती विचारील. पुष्कळ घरांत यासाठीं आखूड वांकड्या नळ्या न घेतां वीतभर लांबीच्या सरळ पोकळ नळ्या घेतात व हातानें मोडून उकडतात. अशा नळ्यांचा पाय कापला म्हणजे कापाच्या अंगास नळ्यांचीं तोंडें दिसूं लागतात आणि वडी मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसते.

रविवारच्या ताटांत हा एकटा येत नाहीं. त्रिनिदादमधील ताटांत त्याच्या शेजारीं ‘कॅलालू’ असतें. हें नांव परकें वाटलें तरी पदार्थ आपल्या ओळखीचा आहे : अळूचीं पानें, भेंडी व नारळाचें दूध एकत्र शिजवून घोटलेलें तें एक प्रकारचें फतफतेंच होय, चिंचगुळाचा व दाण्यांचा मात्र त्यांत पत्ता नसतो. खेरीज तांबड्या घेवड्याची उसळ, भात, पिकत आलेल्या मोठ्या केळ्यांचे तळलेले काप, आणि मांसाहारी घरांत साखर जाळून केलेल्या तांबूस रसांतली कोंबडी. बार्बेडोसमध्यें पायची जोड माशाशीं. तेथील खाणावळींत नुसतें ‘पाय’ म्हटलें तरी मॅकरोनीचाच पाय समोर येतो, यावरून त्याच्या मक्तेदारीची कल्पना येईल.

आपल्या वाचकभगिनींस मॅकरोनी म्हणजे कांहीं अद्भुत वस्तु वाटण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत अंगणांत चटया टाकून शेवया, गव्हले, नखुले, मालत्या व बोटवे वळणाऱ्या आपल्या आजी-पणजी हेंच करीत होत्या. गव्हाचा चीक धरून ठेवणारा घट्ट गोळा, त्याला दिलेला आकार आणि सावकाश वाळवणी, या तीन गोष्टी दोहोंकडे समान आहेत. इटलीकडील लोकांनीं नळीला आंतून पोकळ केलें, एवढाच काय तो फरक. नळी पोकळ असल्यामुळें ती आंतून व बाहेरून एकाच वेळीं शिजते आणि दूध व चीज यांना शिरावयास जागा मिळते. चांगली मॅकरोनी ज्या कठीण गव्हाच्या रव्याची करतात, त्याच जातीचा आपल्याकडील बन्सी गहूं होय. साध्या मैद्याच्या नळ्या उकळत्या पाण्यांत लवकर गळून जातात. म्हणून पुडीवर गव्हाची जात वाचून मगच ती विकत घ्यावी.

आतां हा पदार्थ त्या बेटांत कसा आला तें पाहूं. गव्हाच्या पापुद्र्यांवर लोणी व चीज घालून खाण्याची चाल इंग्लंडांत फार जुनी आहे. इ. स. १३९० च्या सुमारास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनीं रचलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकग्रंथांत अशी कृति आढळते. पुढें १७६९ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड या बाईनें आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत मॅकरोनी व चीज यांची कृति छापली. अटलांटिकच्या पलीकडे या पदार्थाचा प्रवास निराळ्याच हातांनीं झाला. टॉमस जेफर्सन १७८४ सालीं पॅरिसला गेला तेव्हां त्यानें जेम्स हेमिंग्ज नांवाच्या आपल्या तरुण गुलामास फ्रेंच पाकविद्या शिकण्यासाठीं बरोबर नेलें होतें. हेमिंग्ज निष्णात आचारी होऊन परत आला, आणि आपल्या जागीं दुसरा आचारी तयार करून दिल्यावर १७९६ मध्यें त्यास मुक्तता मिळाली. जेफर्सन अध्यक्ष झाल्यावर १८०२ सालीं त्याच्या मेजवानींत मॅकरोनीचा ‘पाय’ वाढला गेला, आणि एका पाहुण्यानें तो आपणांस रुचला नाहीं असें रोजनिशींत लिहून ठेवलें. पाहुण्याची नापसंती इतिहासांत राहिली; त्या दिवशीं चुलीपाशीं कोण उभें होतें याची नोंद करण्याचें मात्र त्यास सुचलें नाहीं.

वेस्ट इंडीजमध्येंहि मोठ्या बंगल्यांतील चूल गुलामांच्याच हातीं होती. तेथील पायची ठेवण सरळ इंग्रजी आहे : चेडर चीज, मोहरीची पूड, भट्टींतील भाजणी. परंतु मळेवाल्याच्या मेजावरचा पदार्थ आणि तो वाढणाऱ्याच्या झोंपडींतलें अन्न यांत त्या काळीं जमीन-अस्मानाचें अंतर होतें. गुलामांस मिळे तो खारा मासा. बाकीचें पोट त्यांनीं स्वतः कोनफळें, रताळीं व केळीं पिकवून भरावयाचें. त्यासाठीं वेळ कोणता, तर रविवारचा. आठवड्यांतून तेवढा एक दिवस ऊस सोडून आपल्या वाट्याच्या लहानशा तुकड्यावर राबावें, आणि उरलेला माल बाजारांत नेऊन विकावा. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजीं कायद्यानें संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं वेठ चालूच राहिली व खरी मुक्तता १८३८ सालीं झाली. रविवार हा ज्यांचा एके काळीं आपल्यासाठीं कष्ट करण्याचा दिवस होता, त्यांच्या पतवंडांच्या घरीं आज तोच दिवस सर्वांत सावकाश, सर्वांत भरगच्च जेवणाचा दिवस आहे, आणि बंगल्यावरचा पदार्थ त्या जेवणांत मधोमध आहे. तें ताट पाहतांना एवढें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हा पदार्थ सर्वसामान्यांच्या आटोक्यांत आला त्यास एकोणिसाव्या शतकांतील दोन शोध मुख्यतः कारण झाले. पहिला डब्यांतील दुधाचा. साखर घालून आटविलेल्या दुधाचें पेटंट गेल बोर्डेन यानें अमेरिकेंत १८५६ मध्यें घेतलें; पण साखरेवांचून दूध टिकविण्याची युक्ति जॉन मेयेनबर्ग या स्विस गृहस्थानें साधली व १८८५ मध्यें तिचा कारखाना निघाला. दुधांतलें सुमारें साठ टक्के पाणी काढून टाकून तें डब्यांत बंद करावयाचें व डबा तापवून निर्जंतुक करावयाचा, अशी ती रीति. उष्ण देशांत बर्फाशिवाय दूध महिनोन्‌महिने राहूं लागलें, ही गृहिणीच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. दुसरा शोध शीतगृहें असलेल्या जहाजांचा. १८८२ सालीं न्यूझीलंडहून गोठविलेलें मांस व लोणी घेऊन पहिलें जहाज इंग्लंडला सुखरूप पोहोंचलें, आणि तेव्हांपासून त्या देशाचा दुधदुभत्याचा व्यापार जगभर पसरला. आजहि त्रिनिदाद व बार्बेडोस येथील गृहिणी पायसाठीं चीज घेते तें बहुधा न्यूझीलंडचें चेडर. अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा करून आलेलें चीज ‘आमचें नेहमीचें चीज’ होऊन बसतें, हा व्यापाराचा चमत्कार म्हणावयाचा कीं जिभेचा, हें वाचकांनींच ठरवावें.

त्रिनिदादच्या स्वयंपाकघरांत आणखी एक हात आहे, आणि तो आपल्या देशाचा आहे. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ नांवाचें जहाज सव्वादोनशेंच्या आसपास हिंदी मजूर घेऊन त्या बेटास लागलें. तेव्हांपासून १९१७ पर्यंत सुमारें १,४४,००० माणसें पांच पांच वर्षांच्या करारानें तेथें नेण्यांत आलीं. यांतील बहुतेक अयोध्या-बिहारकडचीं व कलकत्त्याच्या बंदरांतून गेलेलीं. महाराष्ट्राचा त्यांत भाग नगण्य. परंतु ही वेठ बंद व्हावी म्हणून झगडलेल्या पुरुषांत एक नांव आपल्या पुण्याचें आहे. ४ मार्च १९१२ रोजीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत करारबंद मजुरीची पद्धति बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढें तो फेटाळला गेला. गोखले १९१५ सालीं निवर्तले. १९१६ मध्यें पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच विषय पुन्हां लावून धरला, १९१७ सालीं भरती थांबली, व १९२० च्या आरंभीं उरलेले करारहि रद्द झाले.

त्या मजुरांचे वंशज आज त्रिनिदाद व टोबॅगोच्या लोकसंख्येंत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहेत. तेथील बाजारांत कोणत्याहि वर्णाचा मनुष्य ‘आलू’, ‘बैंगन’, ‘जीरा’, ‘दाल’, ‘रोटी’ हे शब्द बोलतो. आपल्या कोथिंबिरीच्या वासाची, लांबट व करवती कडांच्या पानांची एक वनस्पति तेथें घरोघर वापरतात. फ्रेंच वळणाचें तिचें नांव ‘शॅडो बेनी’, पण हिंदी घरांत तिला ‘बंधनिया’ म्हणतात. ‘बन-धनिया’ हा शब्द समुद्र ओलांडून असा थोडा झिजून उरला आहे! आपल्या पानओव्याचींहि जाड, लवदार पानें तेथें स्वयंपाकांत सर्रास घालतात. हिंदी कुटुंबांतहि रविवारीं मॅकरोनी पाय होतो आणि त्यांत बंधनिया पडते.

येथेंच एक अडचण उभी राहते. तेथील हिंदु कुटुंबें पूजा, कथा, दिवाळी इत्यादि प्रसंगीं कांहीं दिवस मांस, मासे व अंडीं वर्ज्य करतात. यालाच ते ‘उपवास’ म्हणतात. पण पाय जमून येतो तो अंड्यांमुळें. अंडें काढलें कीं वडी मोडते. आणि वडी मोडली तर तो पाय कसला? आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरीं हीच अडचण बारा महिने असणार. म्हणून प्रथम मूळ कृति, व नंतर बिनअंड्याची कृति सविस्तर देतों. दुसरी कृति पहिलीची गरीब बहीण आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. ती दुसऱ्या तत्त्वावर उभी आहे, इतकेंच.

सहा ते आठ माणसांस पुरेल असें मूळ प्रमाण : मॅकरोनी ४०० ग्रॅम, चेडर चीज ३५० ग्रॅम, बिनसाखरेचें आटीव दूध सुमारें ३५० मिलिलिटर, अंडीं दोन, लोणी दोन मोठे चमचे, लहानसा कांदा किसून, लसणीच्या दोन पाकळ्या ठेंचून, मोहरीची पूड अर्धा लहान चमचा, मिरपूड, बी काढलेली एक तिखट मिरची अगदीं बारीक चिरून, आणि थोडीं बंधनियाचीं अथवा कोथिंबिरीचीं पानें. बाजारांत ‘कन्डेन्स्ड’ म्हणून मिळणारें दूध गोड असतें. तें यांत चालत नाहीं. बिनसाखरेचा डबा न मिळाल्यास सायीसकट एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यांत, सतत ढवळून, चारशें मिलिलिटरच्या आंत येईपर्यंत आटवावें. बासुंदी करणाऱ्या घरांत हें सांगावयास नकोच.

चीजविषयीं चार शब्द अधिक लिहिणें जरूर आहे, कारण पायची अर्धी चव तेथें ठरते. जुनें मुरलेलें चेडर चवीला खमंग, पण तापविलें असतां त्यांतलें तूप निराळें होऊन वर तरंगतें. कोंवळें चेडर गुळगुळीत वितळतें, पण चव मिळमिळीत. म्हणून दोन्हीं निम्में निम्में घ्यावीं. आपल्याकडे चौकोनी तुकड्यांच्या रूपानें मिळणारें ‘प्रोसेस्ड’ चीज क्षार घालून मुद्दाम न फुटणारें केलेलें असतें; तें एकटें वापरल्यास पाय फुटत नाहीं, पण त्यास कांहीं व्यक्तित्वहि राहत नाहीं. त्याचा तिसरा हिस्सा घेऊन बाकी चेडर घ्यावें. आयतें किसलेलें चीज टाळावें; तुकडे एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून त्यास पीठ लावलेलें असतें. शाकाहारी घरांत पाकिटावरील हिरवा ठिपका पाहिल्यावांचून चीज घेऊंच नये, कारण परदेशांत चीज जमविण्यासाठीं वासराच्या जठरांतील विरजण अजूनहि कित्येक ठिकाणीं वापरतात.

चार लिटर पाणी खळखळून उकळावें, मीठ घालावें व नळ्या सोडाव्यात. पुडीवर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटें अगोदर त्या उतरवाव्यात. मध्यभागीं किंचित् कणी राहिली पाहिजे. पुढें भट्टींत त्या दूध पिणार आहेत. आतांच पूर्ण शिजविल्या तर पिण्यास जागा उरत नाहीं व पायचा लगदा होतो. चाळणींत निथळाव्या, पण थंड पाण्याखालीं धरूं नयेत, कारण नळ्यांवरचा पिठूळ लेपच पुढें दुधास व चीजास बांधून ठेवतो. गरम असतांनाच लोणी चोळावें. एका भांड्यांत अंडीं फेटून त्यांत आटीव दूध, कांदा, लसूण, मोहरी, मिरपूड, मिरची व पानें घालावीं. नळ्या कोमट झाल्यावरच त्यांवर हें मिश्रण ओतावें. कढत नळ्यांवर ओतल्यास अंड्याच्या गुठळ्या होतात. चीजाचे तीन भाग करून दोन आंत कालवावे व एक वर पसरण्यास ठेवावा. चीज व नळ्यांचें पाणी दोन्हीं खारट असल्यामुळें मीठ चाखून, बेतानेंच घालावें.

लोणी लावलेल्या चौकोनी भांड्यांत हें मिश्रण दोन-अडीच इंच जाड थापावें. पळीच्या पाठीनें चांगलें दाबावें, म्हणजे आंत पोकळ्या राहत नाहींत. वर चीज पसरून १८० अंश सेंटिग्रेडवर, म्हणजे ३५० अंश फॅरनहाइटवर, पस्तीस ते चाळीस मिनिटें भाजावें. दुधांत कालवलेलें अंडें ऐंशी अंशांच्या आसपास थिजतें. त्यापुढें फार तापविलें तर तें आक्रसूं लागतें व आंतलें पाणी पिळून बाहेर टाकतें. मग भांड्याच्या कडेला पाणी सुटतें आणि पाय चरबट लागतो. म्हणून कडा सोनेरी झाल्या, मध्यभाग बोटानें दाबला असतां लवचीक लागला, कीं भांडें बाहेर काढावें. वरचा रंग पुरेसा आला नसल्यास शेवटचीं दोन-तीन मिनिटें तेवढा वरचा जाळ मोठा करावा. यापुढची पायरी सर्वांत अवघड : वीस ते तीस मिनिटें त्यास कोणी हात लावावयाचा नाहीं. घरांत मुलें असल्यास भांडें उंच फळीवर ठेवावें.

ज्यांच्या घरीं विजेची भट्टी नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. त्या बेटांतहि पूर्वी बहुतेक स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर होई. जमेका बेटांत रताळ्याचें पुडिंग भांड्याच्या खालीं निखारे व झांकणावर निखारे ठेवून भाजीत, आणि दोन्हींकडे आग व मध्यें पुडिंग अशी त्याची एक विनोदी म्हणच तेथें प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नानकटाई याच रीतीनें भाजीत असत. आजच्या गॅसवर जाड पातेल्यांत मीठ अथवा वाळू तापवून, त्यांत तिवईवर भांडें ठेवून झांकण घातल्यास पाय उत्तम थिजतो. फक्त वरचा खरपूस रंग येत नाहीं. तो हवा असल्यास तापलेला लोखंडी तवा पायच्या वर दोन बोटें अंतरावर कांहीं मिनिटें धरावा.

आतां बिनअंड्याचा प्रकार. अंडें तापल्यानें थिजतें; पीठ शिजून निवल्यानें थिजतें. हा भेद एकदां लक्षांत आला कीं सगळी कृति आपोआप उलगडते. आपल्या पाटवड्या कशानें उभ्या राहतात? बेसन पुरतें शिजलेलें असतें व ताटांत थापून निवूं दिलेलें असतें, म्हणूनच. तीच युक्ति येथें योजावयाची. चाळीस ग्रॅम लोणी मंद आंचेवर वितळवून त्यांत पंचेचाळीस ग्रॅम मैदा परतावा. कच्चा वास जावा, पण रंग बदलूं नये. सहाशें मिलिलिटर दुधांतून वाटीभर दूध बाजूस काढून त्यांत एक मोठा चमचा मक्याचें पीठ कालवून ठेवावें. बाकीचें कोमट दूध थोडें थोडें करून मैद्यांत घालावें व सारखें घोटावें. उकळी फुटल्यावर मक्याच्या पिठाचें दूध घालून आणखी दोन-तीन मिनिटें खदखदूं द्यावें. ही शेवटची उकळी टाळूं नये. मक्याचें पीठ उकळीच्या जवळ गेल्यावांचून पूर्ण फुलत नाहीं, व न फुललेलें पीठ निवल्यावर वडी धरीत नाहीं. पळी बाहेर काढली असतां तिच्यावर जाड साय बसावी इतका रस दाट झाला पाहिजे. भांडें खालीं उतरवून मग चीज घालावें. विस्तवावर असतांना चीज घातल्यास तें तारा धरतें व तूप सोडतें. मोहरीची पूड यांत थोडी वाढवावी, कारण अंड्याबरोबर पदार्थाचा एक प्रकारचा भरीवपणा निघून जातो, तो थोडासा मोहरीनें भरून येतो. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास पानओव्याचीं दोन पानें बारीक चिरून घालावीं. वास त्रिनिदादच्याच परसांतला येईल.

पुढील सर्व क्रिया पूर्वीप्रमाणें. भाजण्यास पंचवीस-तीस मिनिटें पुरतात, कारण येथें भट्टीनें थिजवावयाचें कांहीं नाहीं. वर रंग आणावयाचा व सर्व घटक एकजीव करावयाचे, एवढेंच तिचें काम. परंतु बाहेर काढल्यावर पाऊण तास थांबलें पाहिजे. पूर्ण निवलेल्या वड्या पाडून, त्या पुन्हां दहा मिनिटें गरम कराव्या, ही सर्वांत निर्धास्त रीत. घरीं पूजेचा नैवेद्य होऊन पान मांडावयास वेळ लागतोच. त्या वेळाचा येथें फायदाच होतो.

निरनिराळ्या बेटांच्या चालींविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, बार्बेडोसमध्यें मोहरीबरोबर टोमॅटोचें आयतें सॉसहि मिश्रणांत घालतात, त्यामुळें पाय गुलाबीसर होतो. बहामा बेटांत हिरवी भोपळी मिरची, कांदा व तेथील एक जहाल मिरची घालतात आणि जाड चौकोनी तुकडे पाडतात. हैतीमध्यें फ्रेंच अमदानीची छाप असल्यानें तोच पदार्थ फ्रेंच नांवानें होतो. टोमॅटोचें सॉस आम्हांस स्वतःला पसंत नाहीं. चीजाची चव तें दडपून टाकतें. बार्बेडोसची मंडळी हें ऐकून घेणार नाहींत, हें उघड आहे.

या सर्व गोडव्यामागें एक चिंता आहे व ती तेथील विचारी लोक बोलून दाखवितात. गहूं, चीज, दूध, तिन्हीं बाहेरून. म्हणजे रविवारचें प्रत्येक ताट परदेशाचें देणें वाढवितें. कॅरिबियन राष्ट्रसंघानें अन्नाच्या आयातीचा खर्च २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांनीं कमी करण्याचा संकल्प केला होता. पुढें ती मुदत २०३० पर्यंत वाढविण्यांत आली. पाय सोडा, असें कोणत्याहि मुत्सद्द्यानें गृहिणीस सांगून पाहावें! गृहिणींनीं मात्र आपल्या परीनें एक वाट पूर्वीच काढलेली आहे : नळ्यांच्या जागीं हिरवीं केळीं, कसावा अथवा ब्रेडफ्रूट घालून तोच पाय करावयाचा.

हें ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोंकणांतील व गोव्यांतील नीरफणस. मळ्यांवरील गुलामांस स्वस्तांत पोसतां यावें म्हणून कॅप्टन ब्लाय यानें तें पॅसिफिक महासागरांतील ताहितीहून वेस्ट इंडीजमध्यें आणलें. पहिल्या खेपेस, १७८९ सालीं, त्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर खलाशांनीं बंड केलें व त्यासच होडींत बसवून समुद्रांत सोडून दिलें. १७९३ मध्यें दुसऱ्या खेपेस मात्र रोपें सेंट व्हिन्सेंट व जमेका येथें पोहोंचलीं. आज तें झाड तेथें परसोपरसीं उभें आहे.

कोंकणांतील भगिनींनीं हा प्रकार अवश्य करून पाहावा. पूर्ण वाढलेला पण न पिकलेला, किलो-सव्वाकिलोचा नीरफणस घ्यावा. हाताला तेल लावून साल व मधला दांडा काढावा, आणि फोडी मिठाच्या पाण्यांत सुरी सहज शिरेल इतक्या उकडाव्या. फार उकडल्यास त्या पाणी धरतात. निथळून, अर्ध्या बोटाएवढे जाड काप करून भांड्यांत एकावर एक रचावे व प्रत्येक थरावर वर सांगितलेला बिनअंड्याचा रस आणि चीज घालावें. नीरफणसाच्या अंगींच पिष्ट पुष्कळ असल्यामुळें मक्याचें पीठ निम्मेंच पुरतें, आणि दूधहि चारशें मिलिलिटरहून अधिक लागत नाहीं. भाजणी व निववणी पूर्ववत्. उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तव्यावर थोड्या लोण्यांत दोन्हीं अंगांनीं परतून खाव्या; कडेचें चीज कुरकुरीत होतें, आणि कडेच्या वड्यांवर प्रथम हक्क कोणाचा हें आधींच ठरवून ठेवलेलें बरें.